पुरातून निघालेल्या गाडीला आधी सेल्फ मारू नका

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. इथली धोका पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले. दोन्ही वेळी दारातली छोटी कार चिखलाने माखली आणि पाणी ओसरताच मालकाचा हात किल्लीकडे गेला. खरे नुकसान बहुतेकदा इथेच होते.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरमधून आत गेलेल्या पाण्यावर सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सफाई आणि ऑइल बदलण्यावर भागले असते, तिथे इंजिन खोलावे लागते. ढकलस्टार्टनेही तेच होते, त्यामुळे गल्लीतल्या उत्साही पोरांना आधी थांबवावे.

घरच्या घरी काय करता येते? सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. बऱ्याच गाड्यांना दहा नंबरचा पाना पुरतो. मग डिपस्टिक ओढून पाहावी. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले किंवा पातळी वाढलेली असली, तर आत पाणी आहे. एअर फिल्टरचा कागद ओला असेल तरी तोच निष्कर्ष. मॅट बाहेर काढावेत, गालिचा उचलून वाळवावा, कारण वायरिंगचे जोड त्याखालूनही जातात. पुढचे काम फिटरचे. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना आणि हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलना घरी कोणीच हात लावू नये. पूर्वी कार्बोरेटर खोलून साफ करणारे हौशी मालक होते; आजची गाडी सेन्सरवर चालते, तिथे ती हौस महाग पडते.

चिखल धुण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत, पाण्याची रेघ आणि नंबरप्लेट दिसतील असे. विमा कंपनीला लगेच कळवावे आणि गाडी टोइंगनेच हलवावी. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत मिळते. पण पाण्यात सेल्फ मारून बिघडलेल्या इंजिनाचा दावा कंपन्या अनेकदा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड वेगळी घ्यावी लागते. हप्ता भरताना शे-पाचशे वाचवायला हीच जोड गाळली जाते. निदान नदीकाठच्या शहरात तरी हा हिशेब चुकीचा आहे.

साताऱ्याकडे प्रश्न चढ-उताराचा आहे. खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर सरकला की एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते कुलंट थेट तोंडावर उडते. गार इंजिनावर पातळी पाहण्याचे काम निघण्याआधी घरीच दोन मिनिटांत होते. कासहून यवतेश्वर घाट उतरताना न्यूट्रल नको, दुसरा गिअर हवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ते जुने झाले की तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून बहुतेक गाड्यांत ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते.

सांगलीकरांसाठी मात्र सर्वांत स्वस्त देखभाल पान्याविना होते. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आहे. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पातळी तिकडे सरकू लागली, की गाडी त्याच दिवशी उंचावर न्यावी. सखल वस्त्यांत तर पाणी त्याआधीच येते.