सायकलस्वार मालक की कामगार?

टोकियोच्या मारुनोउची, ओतेमाची, शिबुया या भागांत मोठमोठ्या कंपन्यांच्या उंच इमारती आहेत. या इमारतींमधल्या रस्त्यांवरून, मोटारींच्या गर्दीतून वाट काढत, पाठीवर मोठी पिशवी अडकवलेले तरुण सायकलवरून वाऱ्यासारखे जाताना दिसतात. तिथे त्यांना 'मेसेंजर' म्हणतात. सहीशिक्क्याचा करारनामा असो की जाहिरातीचा छपाईपूर्व नमुना, तो तासाभरात एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पोचवणे हे त्यांचे काम. ई-मेल आला तरी हा धंदा बुडाला नाही. कारण जपानच्या कारभारात कागदावरच्या शिक्क्याला फार मान, आणि शिक्का मारलेला मूळ कागद संगणकातून जात नाही.

वाचक विचारतील, टोकियोच्या सायकलस्वारांचे आम्हाला काय? आमचे म्हणणे असे की, संबंध आहे. कष्टकऱ्याला कष्टकरी म्हणायचेच नाही, म्हणजे त्याला हक्क द्यावे लागत नाहीत, ही युक्ती एका देशापुरती नाही. जपानच्या मेसेंजरांनी ती उघडी पाडली. म्हणून त्यांची लढाई चळवळीतल्या माणसाने समजून घेतली पाहिजे.

आधी या कामाचा डौल पाहू. १९९९ साली जपानमध्ये 'मेसेंजर' नावाचा चित्रपट आला. नाओको इइजिमा आणि त्सुयोशी कुसानागी यांच्यासारखे लोकप्रिय कलावंत त्यात होते. सायकलवरून टपाल वाहणारा पोरगा पडद्यावरचा नायक झाला. जपानमध्ये १९४८ पासून 'केइरिन' ही सायकल शर्यत चालते. त्या शर्यतीच्या एकाच गिअरच्या, बिनब्रेकच्या सायकलींचे मेसेंजरांना मोठे आकर्षण. त्यांचे पाहून शहरातल्या तरुणांतही ही टूम पसरली. बिनब्रेकची सायकल रस्त्यावर आणणे कायद्याने गुन्हा असल्याने २०११ च्या सुमारास पोलिसांनी कडक कारवाई सुरू केली. जगभरच्या मेसेंजरांची जागतिक स्पर्धा १९९३ साली बर्लिनला सुरू झाली. ती २००९ मध्ये टोकियोत आणि २०२३ मध्ये योकोहामात भरली. साहेब नाही, टाय नाही, चार भिंती नाहीत, आपले पाय आणि आपली सायकल! दिवसभर कचेरीत मान मोडून बसणाऱ्या जपानी समाजात हे स्वातंत्र्य तरुणांना भुरळ घालणारच.

परंतु या डौलाच्या मागे हिशेबाची वही आहे. अनेक कंपन्या मेसेंजरला नोकर म्हणून ठेवत नाहीत. त्याच्याशी 'कामाचे कंत्राट' करतात. कागदोपत्री तो स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे स्वतःचा मालक! त्याला पगार नाही, प्रत्येक फेरीच्या आकारातून ठराविक टक्के मिळतात. फेरी नाही तर पैसा नाही. सायकल त्याची, टायर-ट्यूबचा खर्च त्याचा, पावसात घसरून हाड मोडले तर तेही त्याचेच. नोकराला मिळणारा अपघात विमा नाही, भरपगारी रजा नाही, जादा कामाचा मोबदला नाही. मात्र कोणते पाकीट कोणी, कुठून उचलायचे हे फोनवरून कंपनीच सांगणार.

मासाहिरो आबे या समाजशास्त्रज्ञाने मोटारसायकलवरून टपाल वाहण्याचे असेच काम स्वतः केले आणि २००६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आवडीने या कामात आलेला तरुण हळूहळू त्या कामातच स्वतःची ओळख शोधू लागतो. कोणी चाबूक न मारता तो जीव धोक्यात घालून जास्तीत जास्त फेऱ्या मारतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे म्हणणे सायकलवाल्यांनाही लागू पडते. कामावर प्रेम करणे हा दोष नाही. परंतु त्या प्रेमाचा नफा दुसऱ्याच्या खिशात आणि जखम मात्र आपल्या अंगावर, हा न्याय नव्हे.

२००७ साली सोकुहाई या टोकियोतल्या कंपनीच्या मेसेंजरांनी संघटना उभी केली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला जपानच्या कामगार मंत्रालयाने एक महत्त्वाचे पत्रक काढले. कंत्राटावर 'स्वतंत्र' हा शब्द लिहिला म्हणून माणूस स्वतंत्र होत नाही. त्याच्या कामावर हुकूम कोणाचा चालतो, त्याची वेळ कोणाच्या ताब्यात आहे, आपल्या जागी तो दुसऱ्याला पाठवू शकतो का, पैसा श्रमाबद्दल मिळतो का, हे पाहायचे. या कसोट्या लावून, अशा पद्धतीने राबणारे मेसेंजर कामगारच आहेत, असे मंत्रालयाने कळवले. हा मोठा विजय होता.

परंतु पत्रक म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. एप्रिल २०१० मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने सोकुहाईच्या मेसेंजरला श्रममानक कायद्याखाली कामगार मानण्यास नकार दिला. कामाचे दिवस तो स्वतः ठरवतो, हा मुद्दा त्याच्या विरोधात गेला. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय कामगार संबंध आयोगाने त्याच कंपनीच्या मेसेंजरांना संघटना कायद्याखाली कामगार ठरवले! कंपनी न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने आयोगाचे म्हणणे उचलून धरले.

एकच माणूस एका कायद्यात कामगार आणि दुसऱ्यात नाही, हे कसे? वकिली पेशामुळे आम्हाला यातली मेख दिसते. १९४७ चा श्रममानक कायदा कामाचे तास, रजा, भरपाई देतो. त्यासाठी नोकरीचे नाते सिद्ध करावे लागते. संघटना कायद्याची व्याख्या रुंद आहे; पगार किंवा तशा मिळकतीवर जगणारा तो कामगार. म्हणून मेसेंजरला एकत्र येण्याचा आणि मालकाला चर्चेला बसवण्याचा हक्क मिळाला, पण मोडलेल्या हाडाची भरपाई हक्काने मिळाली नाही. दार अर्धेच उघडले.

पुढे २०१६ साली टोकियोत उबर ईट्स आले आणि मोबाईलवरच्या हुकुमाने जेवण पोचवणारे हजारो नवे सायकलस्वार रस्त्यावर आले. त्यांनीही २०१९ मध्ये संघटना केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये टोकियोच्या कामगार संबंध आयोगाने त्यांना संघटना कायद्याखाली कामगार ठरवून कंपनीला चर्चा करण्याचा आदेश दिला. मेसेंजरांनी आधी पाडलेली वाट त्यांच्या मागे होती. सरकारने २०२१ पासून अशा सायकलस्वारांना अपघात विमा खुला केला, पण हप्ता भरायचा सायकलस्वारानेच! २०२४ पासून स्वतंत्र कंत्राटदारांसाठी नवा कायदा आला. कामाच्या अटी लेखी हव्यात, पैसे साठ दिवसांत मिळावेत, इतके त्याने दिले. परंतु त्याने कंत्राटदाराला कामगार केले नाही.

कराराच्या स्वातंत्र्याचा हा फसवेपणा बाबासाहेबांनी नेमका ओळखला होता. जपानचा श्रममानक कायदा झाला त्याच १९४७ साली त्यांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन घटना समितीसाठी तयार केले. शासनाने आर्थिक व्यवहारात लक्ष घालू नये, म्हणजे स्वातंत्र्य मिळते, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की हे स्वातंत्र्य कोणाचे? ते तास वाढवणाऱ्या आणि मजुरी घटवणाऱ्या मालकाचे. ज्याच्या घरची चूल आजच्या कमाईवर पेटते तो करारावर सही करताना स्वतंत्र नसतो. टोकियोचा सायकलस्वार आणि कंपनी समोरासमोर बसतात तेव्हा एकाकडे शेकडो मेसेंजर असतात, दुसऱ्याकडे एक सायकल.

आपल्या घरातली मुलेही आज पाठीवर पिशवी घेऊन दारोदार जात आहेत. त्यांनाही 'तू कामगार नाहीस, तू आमचा भागीदार आहेस' असे गोड शब्दांत सांगितले जाते. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, कोणी तुम्हाला भागीदार म्हणाले तर आधी विचारा, नफ्यात भाग किती? फेरीचा दर ठरवताना आम्हाला विचारता का? पडलो तर दवाखान्याचे बिल कोण भरणार? उत्तर मिळाले नाही तर समजा, तुम्ही कामगार आहात. आणि कामगाराने पहिले काम काय करायचे, ते सोकुहाईच्या मेसेंजरांनी २००७ मध्ये करून दाखवले आहे. रस्त्यावर एकटा पळणारा सायकलस्वारही संघटित होऊ शकतो.