कुर्डुवाडीचा मालधक्का आणि संगणकातला आवाज

आमच्या कुर्डुवाडीच्या स्थानकाला ज्या काळी बार्शी रोड म्हणत, त्या काळी, म्हणजे १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली तेव्हापासून पुढे कित्येक दशके, येथे दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. मुंबईहून मद्रासकडे जाणारा साडेपाच फुटी आणि बार्शीकडे वळणारा अडीच फुटी. मोठ्या वाघिणीतला माल छोट्या वाघिणीत आपल्या पायांनी जात नाही. तो हमालांनी पाठीवर घेऊन उतरावयाचा, मधल्या धक्क्यावर रचावयाचा आणि तेथून पलीकडे चढवावयाचा, असा हा मामला होता. अशा ठिकाणी गाड्या कितीही वेगवान असल्या तरी सगळा कारभार अखेर त्या धक्क्यावर आणि तेथे तैनात असलेल्या माणसांवर अवलंबून राहतो, हे सांगावयास रेल्वेचा अधिकारी असण्याची गरज नाही.

हे जुने चित्र आज आठवण्याचे कारण असे, की घरच्या संगणकावर आवाज मुद्रित करताना नेमके हेच घडत असते. माइकमधून येणाऱ्या ध्वनीची मोजदाद ध्वनियंत्र सेकंदाला ४८,००० वेळा करीत असते, आणि ती क्षणभरही थांबत नाही. उलट संगणकाचा प्रोसेसर हे काम सलग न करता, हाती असलेली दहा कामे आलटून पालटून उरकीत, मधूनमधून येऊन साचलेला ढीग एकदम उचलून नेतो. या दोघांच्या मध्ये स्मृतीचा जो लहानसा तुकडा राखून ठेवलेला असतो आणि ज्यास बफर म्हणतात, तोच आपला मालधक्का. प्रोसेसररूपी हमालास दुसऱ्याच कोणा साहेबाने ऐनवेळी हाक मारली आणि तो परत येईतो धक्का भरून वाहू लागला, तर पुढची पोती ठेवावयास जागा नसल्यामुळे ती सरळ टाकून दिली जातात, आणि ऐकणाऱ्याच्या कानी 'टक्' असा एक क्षुद्र पण असह्य आवाज येतो.

असे टक् टक् मी स्वतः पदरी घेतले आहेत. जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ असलेल्या एका वृद्ध बाईंना मोठ्या मिनतवारीने बसवून, दारे लावून, पंखा बंद करून मी त्यांचे ध्वनिमुद्रण केले. आणि त्या अगदी रंगात आल्या असताना, मला न विचारता, संगणकाने आपल्या सुधारित आवृत्तीची जुळवाजुळव आणि त्याच सुमारास विषाणूंची झडतीही सुरू केली. बाई गात होत्या तेव्हा मला काहीच कळले नाही. रात्री ऐकावयास बसलो तेव्हा चाळीस मिनिटांच्या त्या गायनात खड्डे पडलेले आढळले. पुन्हा गाण्याची विनंती केली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "आता त्या दिवशीचं काय आठवतंय, बाळा?"

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, आणि ते मी आग्रहाने मांडू इच्छितो, की आपल्याकडील हौशी ध्वनिमुद्रक पैसा चुकीच्या जागी खर्च करतात. भजनी मंडळे वर्गणी काढून भारी माइक आणतात, त्याच्या दांडीला रेशमी गोंडा लावतात, आणि तो माइक ज्या संगणकास जोडावयाचा त्यावर मात्र मुलांचे खेळ, दुकानाचा हिशेब, लग्नाची छायाचित्रे आणि नाना प्रकारचे निरोप एकाच वेळी नांदत असतात. यंत्र जुने असले तरी बिघडत नाही, बंदोबस्त हवा. मुद्रणापूर्वी इंटरनेटची जोडणी तोडावी, आपोआप होणारी अद्ययावती स्थगित ठेवावी, विषाणुरोधकास तेवढ्यापुरती मुद्रणाच्या कप्प्याची झडती घेण्याची मनाई करावी, आणि वीज वाचविण्यासाठी प्रोसेसरची गती उतरविण्याची जी मुभा लॅपटॉपला दिलेली असते ती काढून घ्यावी. यास एक पैसा लागत नाही. जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी सॉलिड स्टेट डिस्क बसविली तर उत्तमच, परंतु तीही गरज नव्हे तर सोय म्हणूनच; कारण २४ बिटांचे दोन वाहिन्यांचे मुद्रण तासाला जेमतेम एक गिगाबाइट जागा घेते, आणि तेवढे लिहून घेणे जुन्या तबकडीसही जड नाही, मात्र त्या वेळी तिला दुसऱ्या कोणी भंडावून सोडता कामा नये.

धक्का केवढा असावा, याविषयी मात्र एक विलक्षण गैरसमज रूढ झाला आहे. बफर जितका लहान तितका संगणक कर्तबगार, असे मानून तरुण मंडळी तो ६४ नमुन्यांपर्यंत, म्हणजे ध्वनीच्या ६४ मोजण्यांपुरता, उतरवितात आणि त्याची फुशारकी मारतात. ४८,००० च्या हिशेबाने ६४ नमुने म्हणजे सव्वा मिलिसेकंदाहून किंचित अधिक, २५६ म्हणजे पाचाच्या थोडे वर, आणि १,०२४ म्हणजे एकवीस मिलिसेकंद. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे एक फूट, नेमके बोलावयाचे तर चौतीस सेंटिमीटर जातो. तेव्हा एकवीस मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे पखवाजी आपल्यापासून सात मीटर दूर बसला आहे, एवढाच त्याचा अर्थ. संगणकातून फिरून आलेला स्वतःचा आवाज कानाला लावून गावयाचे असेल, आणि आधी मुद्रित केलेल्या ठेक्यावर दुसरा साज चढवावयाचा असेल, तर हा विलंब खरोखरच जाचतो, आणि तेथे स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने काढलेल्या एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर वापरून धक्का लहान करणे योग्य आहे. परंतु समोर बसून गाणाऱ्या बाईंचा आवाज नुसता उतरवून घ्यावयाचा असता सव्वा मिलिसेकंदाचा हट्ट कशासाठी? तेथे धक्का खुशाल ऐसपैस असावा.

याहून मोठा घात करणारी वस्तू म्हणजे संगणकाचा आगाऊपणा. दूरच्या माणसांशी बोलताना पंख्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून या यंत्रांत कोलाहल-निवारणाची योजना केलेली असते, आणि ती पुष्कळदा न सांगता चालू असते. एकसारखा, न बदलणारा नाद दिसला की तो केर समजून झाडून टाकावयाचा, हा तिचा शिरस्ता. आता एकसारखा नाद म्हणजे काय? तंबोरा! आमच्या छोट्या गाडीचे दुसरे टोक १९२७ साली ज्या मिरजेस जाऊन पोहोचले, त्या मिरजेच्या कारागिरांनी भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंत आपले सारे कसब ज्या नादासाठी वेचले, तो नाद हे यंत्र पंख्याच्या पंगतीस बसविते. याच घराण्याची दुसरी खोड म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणे. पखवाजावर थाप पडली की गायकाचा गळा दबतो, आणि गायक श्वास घेण्यास थांबला की रस्त्यावरची रिक्षा बैठकीत शिरते. या दोन्ही सुविधांचा इमानेइतबारे बंदोबस्त केल्याखेरीज माइकला हात लावू नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. पातळी एकदाच हाताने लावावी, आणि सर्वांत जोरदार थापही मर्यादेच्या बारा-एक डेसिबल खालीच राहील अशी बेताने लावावी. २४ बिटांच्या मुद्रणात हळू आवाजाचे नुकसान होत नाही, मर्यादा ओलांडलेल्या आवाजाचे मात्र काहीही दुरुस्त होत नाही.

श्रवणाच्या बाजूस इतका खटाटोप नाही, जरी त्या नावाखाली बाजारात बरेच काही खपविले जाते. ऐकताना विलंब कोणास कळत नाही, म्हणून धक्का मोठा ठेवावा, निरोपांची घंटी बंद करावी, आणि ध्वनिफितीचे माप ४४,१०० असता संगणकाने तिला विनाकारण ४८,००० च्या साच्यात ओतू नये एवढे पाहावे. बाकीचा पैसा स्पीकरवर घालावा.

गुणगुण ऐकू येऊ लागली तर बहुधा दोष चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा असतो. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केल्यास ती पुष्कळदा नाहीशी होते, फक्त बॅटरीवर येताच प्रोसेसर पुन्हा सुस्तावला नाही ना, याची रुजुवात करावी. इंजिनाच्या भोंग्यावर मात्र माझ्यापाशी तोड नाही. जंक्शनच्या गावी राहावयाचे तर गाड्यांचे वेळापत्रक पाहूनच गावयास बसावे, आणि आषाढीच्या दिवसांत, जेव्हा पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात, तेव्हा बसूच नये.

हा एवढा प्रपंच कशासाठी, असे कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक गाणाऱ्यांच्याच आवाजात जपल्या गेल्या, आणि आज पारी या संस्थेच्या संग्रहात त्या कोणासही ऐकता येतात. त्यांच्यापाशी जी साधने होती त्यांहून अधिक समर्थ यंत्र आज माढा तालुक्यातल्या कितीतरी घरांत आहे, आणि त्यावर पत्ते खेळले जात आहेत. गात्या बाया मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून आमच्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या चालकांस माझी विनंती आहे, की दप्तरातून बाद केलेला एखादा संगणक भंगारात घालण्यापूर्वी तो पुसून कोरा करावा, त्यावर ऑडॅसिटीसारखा फुकट मिळणारा कार्यक्रम चढवावा, दुसरे काहीही चढवू नये, आणि तो एका शांत खोलीत, भिंतीला गोधड्या टांगून, केवळ ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवावा. चार दिवस तो कसा चालवावयाचा हे दाखविण्यास मी येईन; चहाखेरीज काही नको.