नजरअंदाज पैसेवारी

पोळ्याच्या दिवशी आमच्या घरी दोन गोष्टी न चुकता होतात. एक पुरणपोळी, आणि दुसरी म्हणजे महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाविषयी आमच्या तीर्थरूपांचे भाकीत. पुरणाची डाळ एखाद्या वर्षी कच्ची राहिली असेल. भाकितात कधी कसर राहिल्याचे मला आठवत नाही.

आमचे अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. परभणी जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक तालुक्यांची धूळ त्यांनी खाल्ली आहे, आणि त्यांचा सारा जन्म पिकांच्या पैसेवारीच्या कागदांत गेला. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी येथे खुलासा करायला हवा. गावाचे पीक रुपयात किती पैसे आले, तो आकडा म्हणजे पैसेवारी. पूर्वी हा हिशेब आण्यांत होई, म्हणून जुनी मंडळी अजून आणेवारीच म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आकडा आला की गाव टंचाईत धरले जाते. मग शेतसाऱ्यात सूट, पोरांच्या परीक्षेची फी माफ, असे काहीबाही पदरात पडते. ही पैसेवारी तीनदा निघते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पीक उभे असतानाच केवळ नजरेने जो अदमास काढायचा तो नजरअंदाज.

रणजी करंडकाचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. अण्णा सरकारच्या चांगले दोनतीन आठवडे पुढे असतात. पोळ्याचे जेवण झाले, पान लावून झाले, की ते ओसरीवरच्या खुर्चीत बसतात आणि मला हाक मारतात, "अरे, वही आण." मी हिरव्या पुठ्ठ्याची वही आणतो. अण्णा डोळे मिटून म्हणतात, "लिही. अडतीस पैसे." मग कारणे. सलामीला भरवसा नाही, वेगवान गोलंदाजाचा गुडघा धरलेला, आणि जो एक बरा खेळतो त्याला भारताच्या संघात बोलावणे येणार. वहीतला आजवरचा उच्चांक सेहेचाळीस आहे. पन्नासाच्या वर अण्णा कधी गेले नाहीत. संघाला कायमचे टंचाईग्रस्त जाहीर करून ते मोकळे!

याला आधार नाही असे मात्र नाही. आपल्या राज्याचे संघ तीन. मुंबईने करंडक ४२ वेळा नेला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा. उरलेला महाराष्ट्र, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि आम्ही मराठवाड्याचे, मिळून जो संघ होतो, त्याच्या खात्यावर विजेतेपदे दोनच : १९३९-४० आणि १९४०-४१. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर अकोल्याचे. २०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला करंडक जिंकला, तेव्हा सासरेबुवांचा नववर्षाच्या शुभेच्छांचा जो फोन आला तो चाळीस मिनिटे चालला. अण्णांनी फक्त "हो", "वा" आणि "अभिनंदन" एवढे तीन शब्द आलटून पालटून वापरले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाहुणे भले आहेत. पण बोलतात फार."

ती दोन विजेतेपदे प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली आली. प्राध्यापक संस्कृतचे, आणि वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. १९४०-४१ त त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. मीही भाषेचाच अध्यापक, चाळिशी ओलांडलेला; कॉलेजचा दुसरा मजला चढल्यावर पहिली पाच मिनिटे हजेरी घेण्यात का घालवतो, ते माझ्या विद्यार्थ्यांनी अजून ओळखलेले नाही, अशी आशा आहे.

पण अण्णांचा खरा सिद्धान्त पुढेच आहे. १९३७-३८ त रणजी करंडक हैदराबादने जिंकला. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात, म्हणजे आम्ही हैदराबादकर. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आणि आम्ही इकडे आल्यापासून महाराष्ट्राच्या संघाला करंडक मिळाला नाही तो नाहीच. उलट हैदराबादने १९८६-८७ त पुन्हा जिंकून दाखवला. "हा आपला पायगुण," अण्णा म्हणतात. नव्या सुनेच्या पायगुणावर ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. पण आख्ख्या मराठवाड्याचा पायगुण त्यांनी एका वाक्यात निकालात काढला आहे. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असे आमच्याकडे अभिमानाने म्हणतात. अण्णांच्या मते ही म्हण क्रिकेट पाहून झालेली नाही.

या संघाचे दैवही और. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. विश्रांतीची वेळ झाली, आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले, डाव घोषित करा, नाही तर आम्ही चाललो. आणि ते खरेच गेले! सामना महाराष्ट्राने जिंकला, विक्रम मात्र हुकला. आणि निंबाळकरांना पुढे एकही कसोटी सामना मिळाला नाही. त्याच मोसमात, १९४९ च्या मार्चमध्ये, पुण्यालाच मुंबईशी उपांत्य सामना झाला. महाराष्ट्राने शेवटच्या डावात ६०४ धावा केल्या, आणि तरी ३५४ धावांनी हार खाल्ली. "चौथ्या डावात सहाशे करून साडेतीनशेंनी हरायचं," अण्णा म्हणतात, "याला अंगात कर्तबगारी लागते."

अण्णांच्या स्वतःच्या वाट्याला तीन अंतिम सामने आले. १९७०-७१ चा त्यांच्या जिव्हारी लागलेला. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सारे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले. सुधीर नाईकांच्या हाताखाली मुंबईने जी उरलीसुरली पोरे उतरवली, त्यांच्याकडून आपण ४८ धावांनी हरलो. अण्णा तेव्हा कॉलेजात होते. वर्तमानपत्र परभणीला दुसऱ्या दिवशी पोचायचे. त्यामुळे त्यांना एक दिवस जास्त आशा करावी लागली, हे त्यांचे मुख्य दुःख. १९९२-९३ त लुधियानाला पंजाबने हरवले. मी तेव्हा शाळेत होतो. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, आणि पित्त झाले असे आईला सांगितले.

तिसरा सामना मी त्यांच्यासोबत पाहिला. २०१३-१४ चा तो मोसम. वानखेडेवर मुंबईला हरवले, इंदूरला बंगालला हरवले. केदार जाधवने मोसमात १२२३ धावा काढल्या. संघात जालन्याचा विजय झोल होता, पैठणचा अंकित बावणे होता. म्हणजे आपल्या रेल्वेच्या आणि आपल्या गोदावरीच्या बाजूची पोरे! अंतिम सामना कर्नाटकाशी, आणि कुठे, तर हैदराबादला. अण्णांनी चार दिवस आधी ठरवले, जायचे. आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो. डब्यात अण्णा उगीचच सगळ्यांशी बोलत होते. समोरच्या बाकावरच्या नांदेडच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी आमच्या फलंदाजीची सविस्तर निंदा ऐकवली. इतक्या आनंदाने केलेली निंदा मी पुन्हा ऐकली नाही.

आपण ३०५. कर्नाटक ५१५. तिसऱ्या दिवशी उन्हे उतरताना अण्णांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, तेव्हाच मला कळले. दुसऱ्या डावात ३६६ झाल्या, केदारने शतक केले. पण कर्नाटकाला १५७ च हव्या होत्या. सात गडी राखून त्यांनी त्या केल्या. परतीच्या गाडीत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. बासरच्या पुलावर गाडी आली, खाली गोदावरी काळीभोर. अण्णांनी खिडकीतून नाणे टाकले, हात जोडले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरं चांगली खेळली." मग जरा थांबून, "हे वहीत लिहू नको."

त्यानंतरच्या वर्षांत काय झाले ते थोडक्यात सांगतो. २०१६ च्या ऑक्टोबरात वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि बावणे यांनी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजीच्या इतिहासात तोवर त्याहून मोठी झालेली नव्हती. सामना अनिर्णित राहिला, आणि त्या मोसमात बाद फेरीही गाठता आली नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध तर धावफलकावर शून्य धावा आणि तीन गडी बाद असे लागले. आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर हे आजोबांना दाखवले. अण्णांचा चेहरा उजळला. "बघ! अजून पुढे काय करायलेत ते बघ." पण पुढे ऋतुराज गायकवाडने ९१ काढल्या, पहिल्या डावात थोडीशी आघाडीही मिळाली. अण्णा वैतागले. "आता उगीच आशा लावतील," म्हणाले.

इथवर सारे रीतीप्रमाणे होते. यंदाच्या उन्हाळ्यात अण्णांच्या छातीत दुखले. आठ दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले. पथ्य आले, गोळ्यांची डबी आली, मृगाच्या पावसात ओसरीवर बसणे बंद झाले. बोलणे कमी झाले. मग पोळा आला. पुरण आईने साखर कमी घालून केले. मी वही घेऊन आपणहून बाहेर गेलो. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "लिही. बहात्तर पैसे."

माझा हात थांबला. मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "बेचाळीस का अण्णा?"

"बहात्तर. यंदा पोरं करंडक आणतील."

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. सौभाग्यवतींनी दारातून डोकावून पाहिले. आई म्हणाली, "अगं बाई!" आणि तिने सरळ देवापुढे दिवा लावला. वाचकहो, इतर घरांत वडील माणसाने शुभ बोलले की आनंद होतो. आमच्या घरात त्या रात्री कोणाला झोप लागली नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की उद्याच्या उद्या डॉक्टरांना गाठावे. चिरंजीव, ज्यांना गेली चार वर्षे आजोबांच्या भाकितांची थट्टा करण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता, ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाबा, आजोबांना काय झालंय?"

रात्री अण्णांच्या खोलीत दिवा दिसला म्हणून आत गेलो. ते पलंगावर बसून होते. मी पाणी दिले. मग विचारले, "अण्णा, बहात्तर कशाचे?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कारकुनी स्वरात म्हणाले, "अरे, पैसेवारी कमी का लावायची? पुढं सूट मिळावी म्हणून. वाईट आलं तर झळ कमी बसावी, चांगलं आलं तर वरचा नफा. पण त्याला पुढचं साल हातात लागतं. मला आता कशाची सूट मिळायची? एकदा चांगला आकडा लावून बघितला." थोडे हसले. "लावताना भीती वाटली. खोटं कशाला सांगू?"

मराठीचा अध्यापक असून मला त्या वेळी एकही वाक्य सुचले नाही. पांघरूण नीट केले, आणि दिवा बारीक करून बाहेर आलो.

गणपती उठल्यानंतर त्यांच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले आणि सांगितले, हृदय ठीक चालले आहे. जिने हळू चढा, मीठ कमी करा, आणि वर्षाने पुन्हा या. "वर्षाने?" अण्णांनी विचारले. "वर्षाने," डॉक्टर म्हणाले. रिक्षात अण्णा गप्प होते. दोनदा स्वतःशीच "वर्षाने" म्हणाल्याचे मी ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात महाराष्ट्राच्या संघाची बातमी होती. अण्णांनी चष्मा पुसला, बातमी दोनदा वाचली. चहाचा कप खाली ठेवला. मी आत दाढी करत होतो. एक गाल साबणाचा तसाच ठेवून बाहेर आलो, कारण कित्येक महिन्यांत न ऐकलेली हाक ऐकू आली होती.

"अरे, वही आण. सुधारित लिहायची आहे."

"ऑक्टोबर संपायचा आहे अजून, अण्णा."

"असू दे. हे कसले गोलंदाज घेतलेत? आणि सलामीचं काय? लिही. एकेचाळीस." मग माझ्या हाताकडे निरखून पाहत, "थांब. चाळीस कर."

आत आई कोणाला तरी सांगत होती, की आज चहात चमचाभर साखर जास्त पडली तरी चालेल.