रेडिओचे घड्याळ मानकोलीत बरोबर चालेल काय?

मानकोली नाक्याच्या आसपास गोदामांची जी वस्ती उभी राहिली आहे, तेथे पैसा घड्याळावर ठरतो. ट्रक किती वाजता आला, माल केव्हा उतरला, हमालांची पाळी केव्हा संपली, हे सर्व रजिस्टरात लिहिले जाते. पण ज्या घड्याळात पाहून लिहायचे, त्याकडे कोणाचे लक्ष असते? फाटकावरचे घड्याळ 6 वाजून 10 मिनिटे दाखवते आणि कचेरीतले 5 वाजून 50 मिनिटे. या 20 मिनिटांवरून ड्रायव्हरच्या हॉल्टिंगचा आणि हमालाच्या ओव्हरटाइमचा तंटा उभा राहतो, आणि निकाल बहुधा मालकाच्या घड्याळाप्रमाणे लागतो.

यावर उपाय म्हणून काही बांधव परदेशातल्या नातलगांकडून 'रेडिओ कंट्रोल' घड्याळ मागवतात. ते आपोआप बरोबर होते, अशी त्याची ख्याती आहे. ख्याती खोटी नाही. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ मेनफ्लिंगेन येथे एक प्रक्षेपण केंद्र आहे. अणुघड्याळाची वेळ ते 77.5 किलोहर्ट्झवर सतत पाठवते. दर सेकंदाला एक लहान किंवा मोठा ठोका येतो, त्या ठोक्यांवरून घड्याळ तास, मिनिट, तारीख ओळखते आणि आपले काटे सुधारते. इंग्लंड, अमेरिका, जपान आणि चीन येथेही अशी केंद्रे आहेत.

परंतु जर्मनीच्या केंद्राचा पल्ला सुमारे 2,000 किलोमीटर. मानकोली तेथून 6,000 किलोमीटरहून दूर. भारतात या घड्याळांसाठी असे केंद्र नाही. शिवाय जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणजे तिकडचे घड्याळ चुकून संकेत पकडेल तरी आपल्या कामाचे नाही. संकेत न मिळाला की ते साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखेच चालते आणि संकेत शोधण्यात सेल मात्र खर्च होतो. तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे: यासाठी जादा पैसे घालवू नयेत.

साधे क्वार्ट्झ घड्याळ काही वाईट नसते. त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि महिन्याला साधारण 15 ते 20 सेकंदांचा फरक पडतो. हा स्फटिक 25 अंशांच्या आसपास उत्तम चालतो. पत्र्याच्या छताखाली पारा 40 वर राहिला तर महिन्याला आणखी सुमारे 20 सेकंद मागे पडतो. म्हणजे चांगल्या सेलवर दोन-तीन महिन्यांत फार तर एक-दोन मिनिटे! मग 20 मिनिटे आली कोठून? उतरलेल्या सेलमधून, आपल्या हयगयीतून, आणि कित्येकदा हेतूतून. कामगार लवकर यावेत म्हणून सकाळी पाहण्याचे घड्याळ 10 मिनिटे पुढे ठेवायचे आणि सुट्टी मात्र दुसऱ्या घड्याळावर द्यायची, याला शिस्त म्हणत नाहीत. काट्यात दांडी मारणे आणि घड्याळात मिनिटे मारणे यांत फरक तो काय? दोन्हीकडे दुसऱ्याचा हक्कच मारला जातो.

काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, भिंतीवरच्या घड्याळाला लागत नाही. पण वेळेचेही प्रमाण आहे. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ राखते आणि तिच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येते. व्यापारासह सर्व व्यवहारांत हीच वेळ बंधनकारक करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध केला.

कायद्याची वाट कशाला पाहावी? फाटकावर, ड्रायव्हरला आणि हमालालाही दिसेल असे एकच घड्याळ प्रमाण माना. दर शुक्रवारी ते प्रमाणवेळेशी मिळवा. हजेरीचे यंत्र आणि कॅमेऱ्याची वेळ त्याच्याशी जुळवा. सेल बदलला की मागे तारीख लिहा. रजिस्टरात वेळ लिहिल्यावर समोरच्याची सही घ्या. यंत्रमागाच्या कारखान्यातही पाळी बदलताना हेच करावे.

यात खर्च एका सेलचा आहे. बदल्यात भांडण मिटते आणि ज्याचा घाम त्याला त्याची पुरी मिनिटे मिळतात. चोख मापाचा व्यापारी म्हणून नाव हवे असेल, तर आज दुकान उघडताच आधी भिंतीकडे पाहा.