बासी ईद आणि दालचा

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे 'बासी ईद' म्हणतात. सरळ मराठी केलं तर 'शिळी ईद'. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांच्या या फेऱ्या रोजच्याच. पण या एका शब्दाचं भाषांतर केलं की मुलं हसतात. ईद कधी शिळी असते का, बाई?

असते. आणि मला विचाराल तर तीच खरी ईद असते. पहिला दिवस कपड्यांचा, गळाभेटींचा, नमाजाचा आणि घरातल्या बाईसाठी फजरपासून रात्रीपर्यंत चुलीसमोर उभं राहण्याचा. दुसऱ्या दिवशी माणसं खाली बसतात, बोलतात, आणि काल उरलेलं पुढ्यात येतं. त्या उरलेल्याबद्दलच मला लिहायचं आहे, कारण अलीकडे आपण त्याला लाजायला लागलो आहोत. विशेषतः आपण नोकरदार मंडळी.

दोन्ही भाषांना शिळ्याचं वावडं आहे. मराठीत 'शिळ्या कढीला ऊत' आणतात, उर्दूत 'बासी कढी में उबाल' येतो. कढी तीच, टोमणाही तोच. पण याच दोन्ही भाषांनी एक फरक मात्र नीट जपला आहे. मराठीत 'उष्टं' वेगळं आणि 'शिळं' वेगळं. उर्दूत 'जूठा' वेगळं आणि 'बासी' वेगळं. उष्ट्याला कुणाचं तरी तोंड, हात लागलेला असतो. शिळ्यावरून फक्त एक रात्र गेलेली असते. आपल्या बोलण्यात मात्र हे दोन्ही एकाच टोपलीत जातात, आणि मग हंडीच्या तळाला राहिलेलं चांगलं सालन पाहुण्याच्या ताटातल्या हाडांबरोबर बाहेर फेकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो की 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलोचा आहे. हॉटेलं आणि मंगल कार्यालयांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही.

पण वाया जाणं हा माझा मुख्य मुद्दा नाही. मुद्दा असा की उरलेलं कुणी खायचं आणि ताजं कुणाला द्यायचं.

बकरी ईदच्या गोश्ताचे तीन वाटे करतात हे सगळ्यांना माहीत आहे: एक गरिबांचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक घरचा. हे तीन वाटे अगदी तराजूने समान करणं फर्ज नाही, मुस्तहब आहे. म्हणजे केलं तर उत्तम. आता आपल्या घरात प्रत्यक्षात काय होतं ते बघा. रान, दस्त आणि चाप आधी फ्रीजरमध्ये जातात, पिशव्यांवर पेनाने तारखा घालून. नातलगांना बरे तुकडे जातात, कारण त्यांच्याकडूनही तसेच यायचे असतात. दारावर येणाऱ्याच्या पिशवीत चरबी, छीछडे आणि एखादं हाड पडतं. धुणीभांडी करणाऱ्या मावशीला दुसऱ्या दिवशी सकाळी काल रात्रीचा पुलाव डब्यात मिळतो, 'घेऊन जा, नाहीतर वायाच जाईल' असं म्हणून. हे वाक्य तिच्या तोंडावर बोललं जातं. मी ते एकापेक्षा जास्त घरांत ऐकलं आहे, आणि बोलणारी माणसं वाईट नव्हती.

कुराणात सूरह बकराच्या 267 व्या आयतीत याच सवयीबद्दल ताकीद आहे. जे तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, असं निकृष्ट निवडून दुसऱ्याला देऊ नका, असा तिचा आशय. मी आलिम नाही, शिक्षिका आहे, पण ही आयत समजायला मोठी विद्वत्ता लागत नाही. पुलाव शिळा म्हणून तो माझ्या ताटात नको, पण मावशीच्या डब्यात चालतो, हा हिशेब नेमका त्यात बसतो.

कुणी म्हणेल, मग फ्रीजरमध्ये ठेवणंच चुकीचं का? नाही. हदीसमध्ये आहे की एका वर्षी पैगंबरांनी (स.) कुर्बानीचं गोश्त तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली होती. त्या वर्षी मदिनेत गरजू लोक आले होते, म्हणून. पुढे ती मनाई उठली: खा, द्या आणि साठवाही. ईदनंतरच्या दिवसांना 'अय्यामे तशरीक' म्हणतात, आणि त्या नावाचा एक अर्थच मुळी गोश्त उन्हात पसरून वाळवण्याशी जोडला जातो. तेव्हा साठवण्यात गैर काही नाही. पण त्या मनाईचं कारण मला फार बोलकं वाटतं. किती ठेवायचं हे आपल्या फ्रीजरच्या लिटरवर ठरलं नव्हतं, त्या वर्षी गावात कोण उपाशी आहे यावर ठरलं होतं. आपल्या जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनचा भाव पडलेलं वर्ष कुठलं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. ताजं बाहेर जाऊ द्या, उरलेलं घरात ठेवा. गरिबाला रानाचा तुकडा जाऊ द्या, आणि हाडं, गर्दन, कालच्या हंडीतलं सालन आपल्या दस्तरखानावर येऊ द्या. हे काही दुःखाने करायचं काम नाही. कारण हाडं आणि उरलेलं सालन यांचं काय करायचं, ते आपल्या आज्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं आहे. त्याला दालचा म्हणतात.

दालचा हैदराबादपासून मराठवाड्यातून आपल्या वऱ्हाडापर्यंत पसरलेला आहे. बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठेही जा, दावतीत बगारा खाना असला की शेजारी दालचा आलाच. त्यामागची युक्ती बघा. अर्धा किलो हाडाच्या गोश्ताचं सालन चार माणसांना जेमतेम पुरतं. त्यात वाटीभर चणा डाळ आणि एक दुधी घातला की आठ-दहा जण जेवतात. हाडांचा रस डाळ धरून ठेवते, दुधी भरती करतो आणि रस पितो, चिंच चरबीचा जडपणा कापते. एकही गोष्ट महाग नाही.

उरलेल्या सालनाचा दालचा करताना तीन गोष्टी सांभाळायच्या. चणा डाळ अर्धा-पाऊण तास भिजवून वेगळी शिजवा, हळद आणि आलं-लसूण घालून, मऊ पण पूर्ण पीठ होऊ न देता. चिंच शेवटी, कारण आंबटात डाळ शिजत नाही, टणक राहते. घाईत चिंच आधी घालणाऱ्या नव्या सुना मग कुकरला दोष देतात. आणि मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊन, कारण सालनात ते कालच पडलेलं आहे. बाकी सोपं. दुधीच्या मोठ्या फोडी डाळीत अर्धवट शिजल्या की सालन हाडांसकट घाला, दोन वाट्या गरम पाणी, चांगली उकळी, मग लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. वरून तेलात जिरं, ठेचलेला लसूण, लाल मिरची आणि कढीपत्त्याचा बघार. दुधी नसेल तर वांगं चालतं. आमच्या घाटाखालच्या नातलगांकडे चालतं म्हणजे चालतं, मला स्वतःला दुधीच लागतो.

आता कालच्या पोळ्या. किंवा ज्वारीच्या भाकरी, त्या तर आणखी बऱ्या. इंग्रजी पाककृतींत सणाच्या उरलेल्या मांसाचं 'कॅसरोल' करायला सांगतात: सगळं थरांनी एका भांड्यात रचायचं आणि ओव्हनमध्ये सारायचं. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे लग्नात आहेरात येणारा पोळ्यांचा डबा, त्यामुळे हे वाचून पहिल्यांदा गोंधळ होतो. पण पदार्थ ओळखीचा आहे. पसरट पातेल्याला तुपाचा हात लावा. पोळीचे वा भाकरीचे तुकडे पसरा, त्यावर दालचा, त्यावर तळलेला कांदा आणि पुदिना. असे दोन-तीन थर. दालचा पातळसरच असू द्या, भाकरी भरपूर पिते. घट्ट झाकण, खाली तवा, अगदी मंद आच, वीस मिनिटं. झाकण उघडल्यावर चमच्याने वाढावा असा मऊ, आंबटसर, गरम गोळा मिळतो. दात नसलेले आजोबा आणि दात येणारं नातवंड, दोघांनाही तो खाता येतो.

आणि हा काही आपला शोध नाही. रश्श्यात भाकर मोडून केलेला 'सरीद' अरबस्तानातला जुना पदार्थ. हजरत आयशा (र.) यांचं इतर स्त्रियांमधलं श्रेष्ठत्व सांगताना पैगंबरांनी (स.) जी उपमा दिली ती सरीदची: इतर अन्नांमध्ये जसा सरीद, तशा त्या. बिर्याणीची नाही, कबाबाची नाही, मोडलेल्या भाकरीची. आणि आपल्या शेजारच्या मराठी घरात भाकरी कालवणात कुस्करली की त्याला 'काला' म्हणतात. गोकुळाष्टमीला प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवून गोपाळकाला होतो. आमच्याकडचा सरीद आणि त्यांच्याकडचा काला एका ताटात ठेवले तर परक्या माणसाला फरक सांगताना घाम फुटेल. म्हणजे, गोश्त बाजूला काढलं तर.

याच जिल्ह्यात शेगाव आहे. गजानन महाराज तिथे प्रथम दिसले तो दिवस 23 फेब्रुवारी 1878 चा मानतात, आणि सांगतात की एका घरच्या जेवणावळीनंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं ते वेचून खात होते. ती माझ्या श्रद्धेची गोष्ट नाही, पण माझ्या जिल्ह्याची नक्की आहे, आणि लाखो लोक ती दरवर्षी आठवतात. आपल्या हदीसमध्येही खाली पडलेला घास साफ करून खायला सांगितलं आहे, आणि ताट पुसून खायलाही, कारण बरकत अन्नाच्या कुठल्या भागात आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. ज्या जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी लहानपणापासून कानावर पडतात, तिथल्या माणसाने कालच्या भाकरीला नाक मुरडावं याचं मला नवल वाटतं.

शिळ्याची बाजू घेताना एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन, कारण घरोघरी यावर वाद होतात. शिळं म्हणजे खराब नव्हे, पण खराब व्हायला फार वेळही लागत नाही. बकरी ईद 2024 साली 17 जूनला होती, 2025 साली 7 जूनला. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ती दरवर्षी मागे सरकते, म्हणजे पुढची काही वर्षं ती भर मे महिन्याच्या उन्हात आहे. खामगाव-मलकापूरकडचं ऊन माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीच्या काळी हंडी रात्रभर चुलीच्या निखाऱ्यावर राहायची, म्हणून चालायचं. आपण गॅस बंद करतो आणि गप्पा मारत बसतो. भाताचं तर जास्त जपायला हवं: गरम राहिलेल्या मोठ्या पातेल्यात त्यात एक प्रकारचं विष तयार होऊ शकतं, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. पुलाव उथळ ताटांत पसरून लवकर गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. सालन दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट नको, खदखदून उकळलं पाहिजे. आणि एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवून तिसऱ्यांदा काढायचं नाही. ती बरकत नाही, हट्ट आहे.

राहिला प्रश्न की हे सगळं करायचं कुणी. ईदच्या दिवशी गोश्त साफ करणं, वाटे बांधणं, कलेजी परतणं, पाहुण्यांची रीघ सांभाळणं, हे घरातल्या बायकांनी केलेलं असतं. दुसऱ्या दिवशीचा दालचा पुन्हा त्यांच्याच माथी मारायचा असेल तर माझ्या लेखातून एवढं घेऊ नका. दालचाला कौशल्य फारसं लागत नाही. डाळ भिजवणं, दुधी चिरणं आणि चिंच शेवटी घालणं, हे नववीतल्या मुलाला जमतं. मी वर्गातल्या मुलांना रेसिपी मराठीत लिहायला सांगते, आज्ञार्थाचा सराव म्हणून: भिजवा, चिरा, उकळा, वाढा. मुली पटापट लिहितात. मुलगे 'फोडणी' या शब्दाशी अडतात, कारण घरात त्यांनी ती ऐकलेली असते, दिलेली नसते. गेल्या ईदनंतर एका मुलाने वहीत लिहून आणलं की चिंच आधी पडली आणि डाळ शिजलीच नाही, तरी अब्बांनी दोन वेळा घेतली. त्या वहीत मी व्याकरणाच्या तीन चुका लाल केल्या आणि शेजारी विचारलं, मावशीच्या डब्यात या वेळी काय गेलं? उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: चाप. कच्च्या, सहा तुकडे, अम्मीने स्वतः निवडून दिल्या.