नडगी दुखतेय? मग थांबा की राव!

"अरे, दुखणारच. पळत राहा, आपोआप जाईल." बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी सकाळी नडगी चोळत बसलेल्या प्रत्येक नवशिक्याला हा सल्ला फुकट मिळतो. मलाही मिळाला. मला तो साफ नामंजूर आहे.

साधा हिशोब बघा. पळायला लागलं की दमसास काही आठवड्यांत वाढतो, हाडाला मात्र महिने लागतात. म्हणजे छाती म्हणते 'अजून पाच किलोमीटर', आणि नडगीचं हाड अजून जुन्याच व्हर्जनवर! तरी अंतर रेटलं की नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो. तोच एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागी आला, बसल्या जागीही राहिला, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथे जिद्द काय करणार? डॉक्टरच गाठायचा.

सर्व्हरचा अलार्म वाजला तर आपण तो म्यूट करून झोपतो का?

मी सध्या पळणं बंद ठेवून पोहतोय. हाफ मॅरेथॉनचे २१.०९७ किलोमीटर कुठे जात नाहीत. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉनसुद्धा कोविडमुळे २०२१ आणि २०२२ मध्ये झाली नाही, २०२३ च्या जानेवारीत परत आलीच ना? मग आपला एक जानेवारी हुकला तर काय बिघडलं?

आता खुशाल म्हणा मला पळपुटा!