शिकवणाऱ्यांच्या शिक्षणाचे काय?

पंचाहत्तरीच्या आजीबाई दोन दिवसांपासून असंबद्ध बोलत आहेत. ताप नाही, खोकला नाही. ‘वय झाले’ म्हणून घरचे, आणि प्रसंगी डॉक्टरही, विषय सोडून देतात. प्रत्यक्षात तो न्यूमोनिया असू शकतो. वार्धक्यात आजार पाठ्यपुस्तकातील लक्षणे घेऊन येतातच असे नाही, हे ओळखण्याची नजर फॅमिली डॉक्टरला असावी लागते. ती त्याला देणार कोण?

२०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय सुमारे १० कोटी ४० लाख होते. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पुरस्कार केला. दिशा योग्यच आहे. उणीव अध्यापकांत आहे. हे विद्यार्थी मेडिसिन, शल्यचिकित्सा, अस्थिरोग अशा विभागांतून फिरत शिकतात. तेथील अध्यापक आपापल्या विषयात निष्णात असतात, परंतु त्यांच्या विद्यार्थिदशेत वार्धक्यशास्त्र हा स्वतंत्र विषय नव्हता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अध्यापनतंत्राचे प्रशिक्षण सक्तीचे केले, हे स्वागतार्ह. मात्र कसे शिकवावे हे कळले, तरी काय शिकवावे हा प्रश्न उरतोच.

औषधांचेच पाहा. हृदयरोगतज्ज्ञाच्या चार गोळ्या, अस्थिरोगतज्ज्ञाच्या दोन, झोपेची एक, शिवाय शेजाऱ्यांनी सुचविलेले चूर्ण. वृद्धांना शक्यतो टाळावयाच्या औषधांची ‘बिअर्स’ यादी १९९१ पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतील वार्धक्यतज्ज्ञांच्या संघटनेने ती २०२३ मध्ये सुधारली. पण यादी ठाऊक असणे वेगळे आणि ज्येष्ठ सहकाऱ्याच्या चिठ्ठीतील गोळी, त्याला आणि रुग्णाला न दुखावता, बंद करणे वेगळे. औषध लिहायला शिकविणारे पुष्कळ आहेत, थांबवायला शिकविणारे मोजके. ही कला अध्यापकांनी स्वतः, वार्धक्यतज्ज्ञाच्या शेजारी बसून, आत्मसात करावी लागेल.

घरभेटींचेही तसेच. न्हाणीघरातील ओली फरशी, अंधारा जिना, चष्म्याचा जुना नंबर, ही पडण्याची कारणे वॉर्डातील खाटेशेजारी दिसत नाहीत. विद्यार्थ्याला घेऊन तीन जिने चढणारा अध्यापक हवा असेल, तर तो वेळ अध्यापनाचे तास म्हणून धरला गेला पाहिजे.

सर्वांत अवघड धडा अखेरच्या दिवसांचा. सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठीचे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. आता कुणा आजोबांनी आपल्या फॅमिली डॉक्टरला त्याविषयी विचारले, तर ते संभाषण कसे करावे याचा धडा त्याला कुणीच दिलेला नसतो. कारण त्याच्या गुरूनेही ते कधी केलेले नसते.